बुडत्याला धरायची विद्या

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. नदीवर पूल बांधता येतो हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मुलांनो, जरा पुढं सरका. आणि मोठ्यांनो, तुम्हीही बसा, कारण ही गोष्ट लहानांपेक्षा तुमच्याच जास्त कामाची आहे.

एका राज्याच्या मधोमध एक रुंद नदी वाहत होती. अलीकडच्या तीरावर राजधानी, पलीकडच्या तीरावर शेतं आणि बाजार. त्यामुळे भाजीवाल्या, कुंभार, वैद्य, वऱ्हाडी, शेळ्यामेंढ्या, जे कुणी ये-जा करायचं ते होडीतूनच. राज्याची राणी मोठी शहाणी होती. तिनं घाटावर एकतीस नावाडी चाकरीला ठेवले होते, आणि त्यांच्यावर एक तांडेल, म्हणजे सगळ्या नावाड्यांचा म्होरक्या. त्याचं नाव हरबा.

हरबाचं वय साठीच्या पुढं गेलं होतं. मिशा पांढऱ्या, हात मात्र वल्ह्यासारखे टणक. नावाड्यांवर त्याचा फार जीव. कुणाच्या घरी आजारपण असलं तर त्याची फेरी हरबा स्वतः मारायचा. कुणाची बायको रुसून माहेरी गेली, तर तिला समजावून आणायलाही हरबाच जायचा. नावाडीही त्याच्या शब्दाबाहेर नसत. तो हसला की हसत, तो गप्प झाला की गप्प होत.

एका सकाळी घाटावर विपरीत घडलं. होडीत बसलेला एक विणकर हात धुवायला वाकला आणि तोल जाऊन पाण्यात पडला. भागू नावाच्या नावाड्यानं क्षणाचाही विचार न करता उडी घेतली. भागू तर असा पोहायचा की बघत राहावं. त्यानं विणकराला गाठलं. पण घाबरलेल्या विणकरानं त्याच्या मानेला मिठी मारली, आणि ती मिठी काही सुटेना. दोघंही खाली गेले ते वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कोसभर खाली ते सापडले, तेव्हाही विणकराचे हात भागूच्या गळ्यात तसेच होते.

सगळा घाट हळहळला. राणीनं हरबाला बोलावून घेतलं.

“तांडेल, भागू एवढा पट्टीचा पोहणारा. तो कसा बुडाला?”

“नशीब, राणीसाहेब,” हरबा खाली बघत म्हणाला. “बुडणाऱ्यानं गळा धरला की कुणाचं काही चालत नाही.”

 राणी म्हणाली, “समुद्राकाठी हिरूबाय नावाची एक कोळीण आहे. पोहणं वेगळं आणि बुडत्याला काढणं वेगळं, असं ती म्हणते, आणि ते शिकवतेही. मी तिला बोलावलंय. दुपारी वारा पडतो, होड्या थांबतात, तेव्हा ती घाटाच्या वरच्या डोहात शिकवील. मी कुणावर सक्ती करणार नाही. पण तुमची माणसं तुमचं ऐकतात. तुम्हीच त्यांना सांगा.”

“जशी आज्ञा,” हरबा म्हणाला. पण मनातून त्याला ते नको होतं. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

घाटावर येऊन त्यानं नावाड्यांना निरोप दिला, पण कसा? होडी बांधता बांधता, पाठमोरा. “समुद्राकडची कुणी बाई येतेय. बुडत्याला कसं काढायचं ते शिकवणार म्हणे. ज्याला जायचं त्यानं जा.”

शिद्राम नावाचा एक नावाडी होता, अंगानं थोराड आणि जिभेनं तिखट. तो म्हणाला, “आपल्याला पाणी शिकवणार? मग उद्या आमच्या म्हशीलाही घेऊन जातो. तिलाही डुंबायला शिकवील!”

सगळे खो खो हसले. आणि हरबाही हसला.

हिरूबाय आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कासोटा घट्ट खोचलेली बाई. पहिल्या दुपारी डोहावर तिघं आले, तेही नुसती गंमत बघायला. दुसऱ्या दुपारी एक आला. तिसऱ्या दुपारी कुणीच आलं नाही. तरी ती रोज यायची, काठावरच्या खडकावर बसायची आणि वारा पुन्हा सुटला की उठून जायची.

राणीच्या कारभाऱ्याला हे कळलं. त्यानं दवंडी पिटवली की जो डोहावर येईल त्याला नवं पागोटं मिळेल. लगेच उरलेले तीसही नावाडी आले. पागोटी बांधली, एकमेकांची पागोटी निरखली आणि अंगाला पाण्याचा थेंबही न लागू देता घरी गेले.

कारभारी चिडला. त्यानं हुकूम काढला की जो येणार नाही त्याची होडी दिवसभर सगळ्यात शेवटी सुटेल. मग पुन्हा सगळे आले. गुडघाभर पाण्यात रांगेनं उभे राहिले आणि हिरूबाय सांगत असताना आभाळातल्या घारी बघत राहिले.

हिरूबायनं कारभाऱ्याला बाजूला बोलावलं. “दादा, यांना जाऊ द्या. यांचे पाय तेवढे आलेत, मनं जेवणावळीला गेलीयेत.”

दुसऱ्या दिवशी ती हरबाच्या होडीपाशी आली. “तांडेल, मला पलीकडे सोडता?”

होडीत दोघंच. मध्यावर आल्यावर ती म्हणाली, “एक विचारू? तुमची माणसं वाईट नाहीत. माझ्यावर त्यांचा रागही नाही. मी बोलत असते तेव्हा ती सारखी घाटाकडे मान वळवून बघतात. कुणाला बघतात, ठाऊक आहे?”

हरबा वल्हं मारत राहिला.

“तुम्हाला बघतात. तुम्ही आलात की काय ते. तुम्ही एकदाही आला नाहीत.”

“माझं वय झालं, बाई. या नदीवर पन्नास वर्षं काढली मी. आता काय शिकायचं?”

हिरूबाय त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुमचं कोण गेलं पाण्यात?”

हरबाचं वल्हं थांबलं. होडी आपल्या मनानं प्रवाहाबरोबर सरकू लागली. घाटावरच्या कुणी हरबाची होडी अशी वाहवत जाताना कधी पाहिली नव्हती.

“गणू,” तो म्हणाला. “माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा होता. होडी उलटली. मी त्याला गाठलं. त्यानं माझा गळा धरला. आम्ही दोघं खाली जायला लागलो. छातीत जाळ झाला. आणि मग मी…” त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. “मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून. मी वर आलो, तो नाही आला. सगळ्यांना सांगितलं की माझा हात पोचला नाही. आईला तेच सांगितलं. बायकोलाही तेच. चाळीस वर्षं झाली.”

हरबानं मान वर केली.

“बाई, खरं सांगा. तुम्ही जे शिकवता ते मला तेव्हा येत असतं, तर गणू वाचला असता?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण हिरूबाय खोटं बोलली नाही. “हो,” ती म्हणाली. “बहुतेक वाचला असता.”

हरबाचे डोळे भरून आले. “मग मी कसा येऊ तिथं? इतकी वर्षं मी मनाला समजावत आलोय की ते कुणाच्याच हातात नव्हतं. आता तुमच्याकडून शिकायचं म्हणजे ते माझ्या हातात होतं असं कबूल करायचं.”

“माझी बहीण अशीच गेली,” हिरूबाय म्हणाली. “तिला धरायला मीच गेले होते. पुढं एका म्हाताऱ्या खलाशाकडे मी हे शिकले. पहिल्या दिवशी त्यानं एक युक्ती दाखवली. इतकी सोपी, की लहान पोराला जमावी. मी पाण्याबाहेर आले आणि दिवस मावळेपर्यंत वाळूत बसून रडले. दुसऱ्या दिवशी परत गेले.”

“का गेलात?”

“बहीण तर परत येणार नव्हती. पण गावात दुसऱ्या कुणाच्या बहिणी होत्या ना.”

हरबानं डोळे पुसले, वल्हं उचललं आणि होडी काठाला लावली. त्याचं चित्त मात्र दिवसभर थाऱ्यावर नव्हतं.

दुसऱ्या दुपारी नावाडी वडाच्या सावलीत भाकरी खात बसले होते. हरबा उठला, पागोटं काढून फांदीवर ठेवलं आणि सगळ्यांच्या समोरून डोहाकडे चालू लागला. काय झालं म्हणून नावाडीही अर्धी भाकरी हातात घेऊन मागोमाग आले. हरबा छातीएवढ्या पाण्यात गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“बाई, मला बुडत्याला धरता येत नाही. मला शिकवा.”

 मग हरबा नावाड्यांकडे वळला आणि त्यानं गणूची हकीकत सांगितली. काही झाकलं नाही, बोटांचीही गोष्ट सांगितली. “भागूला मी आधीच म्हणू शकलो असतो की बाबा, नुसतं पोहणं पुरत नाही, हे कुठूनतरी शिकून घे,” तो म्हणाला. “मलाच येत नव्हतं, आणि मला येत नाही हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून तो निरोप मी तुम्हाला पाठमोरा दिला. तेव्हा हसलो, तेही चुकलं माझं.”

 हिरूबाय पाण्यात पुढं सरकली. “चला तांडेल, आता मी बुडते. धरा मला.”

ती हात झाडू लागली. हरबा सरळ तिच्या समोरून गेला, जसा कुणीही जाईल तसा. हिरूबायनं झडप घालून त्याच्या गळ्याला अशी मिठी मारली की तांडेल बुडबुडे काढत खाली गेला. वर आला तो खोकत, ठसकत, मिशीतून पाणी गाळत. काठावर कुणाला तरी हसू आवरलं नाही. लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला. पण हरबा स्वतःच हसू लागला, खोकत खोकत. मग सगळेच हसले, आणि ते हसणं म्हशीच्या चेष्टेच्या वेळचं नव्हतं. या हसण्यात माया होती.

“मागून जायचं,” हिरूबाय म्हणाली. “बुडणारा तुम्हाला शत्रू समजत नाही, तो तुम्हाला जमीन समजतो. म्हणून चढायला बघतो. मागून जा, हनुवटीखाली हात घाला, तोंड आभाळाकडे ठेवा. आणि समजा धरलंच त्यानं, तर बोटं सोडवत बसू नका, वरही ओढू नका. त्याच्यासकट खाली बुडी मारा. त्याला वर जायचं असतं. तुम्ही खाली निघालात की तो आपणहून सोडतो.”

हरबा ते ऐकून पाण्यात निश्चल उभा राहिला. एवढंच होतं तर. एवढंसंच. त्याचा चेहरा क्षणभर पिळवटला. हिरूबायनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

“पुन्हा,” तो अखेर म्हणाला.

चौथ्या खेपेला काठावरून कुणीतरी ओरडलं, “तांडेल, डावा नाही, उजवा हात! बाई उजवा म्हणाल्या!”

“तिथून काय सांगता?” हिरूबाय म्हणाली. “इथं येऊन दाखवा.”

तो आला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. वारा सुटला तेव्हा डोहात चौदा जण होते आणि होड्या सोडायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

हरबा घरी गेला. बायको चिमा त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. तिलाही त्यानं सगळं सांगितलं. ती काही दचकली नाही. तिनं त्याच्या जवळ बसून त्याचा हात हातात घेतला.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “झोपेत कितीदा तरी तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवता. मी विचारलं नाही. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगाल.”

आठ दिवसांत एकोणतीस नावाडी डोहात उतरू लागले. राहिला एकटा शिद्राम. तो रोज यायचा, पण काठावरच्या खडकाला पाठ टेकून बसायचा, आणि आता त्याची जीभही चालत नव्हती. एके दिवशी हरबा ओलाच त्याच्या शेजारी जाऊन बसला.

“काय रे, म्हैस नाही आणलीस?”

शिद्राम ओशाळला. “तांडेल, मी सगळ्यांत जास्त हसलो. आता मी उतरलो आणि मला जमलं नाही तर हे सगळे मला हसतील.”

“हसतील की. मला नाही हसले? पण त्यानं माझं काय बिघडलं? उलट त्या दिवसापासून सगळे मला सांगतात, इथं चुकलं, तिथं चुकलं. पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.” मग त्यानं आवाज खाली आणला. “आणि हे बघ, सरावाला मी बुडतो तेव्हा माझं हे धूड कुणाला आवरत नाही. तू सगळ्यांत बळकट. तू ये, मला बाहेर काढ.”

शिद्राम उठला. पहिल्या दिवशी त्यानं तांडेलला बाहेर काढता काढता तिघांना पाणी पाजलं आणि स्वतःही प्यायला. सगळे पोट धरून हसले. पण महिनाभरात डोहात त्याच्या तोडीचा कुणी उरला नाही.

श्रावण सरला. नदी भरून वाहत होती. पलीकडे जत्रा होती आणि एका मोठ्या होडीत बावीस माणसं निघाली होती. कुणीतरी एक गोऱ्हा होडीत चढवला होता. भर मध्यावर तो बुजला आणि उसळला. घाबरून सगळी माणसं एकाच अंगाला पळाली आणि होडी उलटली.

काठावर एकच आकांत झाला. पण घाटावरच्या नावाड्यांनी आरडाओरडा केला नाही. ज्यांच्या होड्या जवळ होत्या त्यांनी होड्या तिकडे वळवल्या, दोरांना बांधलेले सुके भोपळे पाण्यात फेकले, “भोपळा धरा, भोपळा!” म्हणून हाका दिल्या. बाकीच्यांनी उड्या घेतल्या. वळसा घालून, मागून, हनुवटीखाली हात. शिद्राम एकेका खेपेला एकेकाला आणून काठावर ठेवायचा आणि पुन्हा वळायचा.

हरबानंही उडी घेतली होती. एक धिप्पाड कुंभार वरखाली होत होता. हरबा मागून जायला वळसा घालू लागला, तेवढ्यात लाटेनं कुंभाराला त्याच्या अंगावर आणलं. कुंभारानं दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला.

पाणी डोक्यावरून गेलं. छातीत तोच जाळ. गळ्यावर तशीच बोटं. आणि हरबाचे हात आपोआप वर गेले, त्या बोटांकडे. चाळीस वर्षं झोपेत हेच करत आले होते ते. त्यांनी एक बोट पकडलंही.

मग हरबानं ते बोट सोडून दिलं. डोळे मिटले, आणि कुंभारासकट खाली, आणखी खाली, काळ्या पाण्यात बुडी मारली.

मिठी सुटली. आपोआप, अगदी हलकेच सुटली. हरबा वळला, मागून गेला, हनुवटीखाली हात घातला आणि कुंभाराचं तोंड आभाळाकडे करून काठाकडे निघाला.

काठावर माणसं मोजली. एकोणीस, वीस, एकवीस. आणि बाविसावा तो कुंभार, पाणी ओकत होता, रडत होता, पण जिवंत होता. नावाडीही तीसच्या तीस होते. गोऱ्हा तर केव्हाच पोहून पलीकडे चरायला लागला होता.

हरबा चिखलातच बसला. शिद्राम धावत त्याच्याजवळ आला. “तांडेल, लागलं का कुठं?”

हरबानं मान हलवली. तो रडत होता, पण त्याचा चेहरा पाहून शिद्रामचा जीव भांड्यात पडला. त्यानं आपलं ओलं उपरणं पिळून तांडेलच्या खांद्यावर टाकलं आणि तोही तिथंच चिखलात बसून राहिला.

राणी स्वतः घाटावर आली. तिनं हिरूबायचा मान केला आणि मग हरबाला विचारलं, “तांडेल, कारभाऱ्यानं पागोटी दिली, धाक दाखवला, काही उपयोग झाला नाही. तुम्ही असं काय केलंत?”

“काही नाही, राणीसाहेब,” हरबा म्हणाला. “मी आधी पाण्यात उतरलो, आणि येत नाही ते येत नाही म्हटलं.”

राणीनं ते ध्यानात ठेवलं. त्या वर्षापासून तिच्या राज्यात एक रीत पडली. घाट असो, मुदपाकखाना असो की लोहारशाळा, काहीही नवं शिकायचं झालं की पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढं तिथला सगळ्यांत जाणता माणूस बसे आणि शिकवणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारी. शिकायला कुणाला बोलवावं लागत नसे. आणि हरबा जोवर तांडेल होता, तोवर त्या घाटावर पुन्हा कुणी बुडालं नाही.

तात्पर्य काय, तर आपली माणसं शिकावीत असं ज्याला वाटतं, त्यानं आधी त्यांच्यासमोर स्वतः शिकायला बसावं.